तुळशीपाशी ठेवलेलं अंडं

होळीच्या रंगासाठी पळसाची फुलं उकळायला ठेवली, की त्या तुरट वासासरशी मला बालाघाटच्या आमच्या सरकारी क्वार्टरचं मागचं अंगण आठवतं. शेजारच्या नर्सबाई ख्रिश्चन. एका वर्षी त्या आईकडून होळीची उरलेली पळसफुलं मागून घेऊन गेल्या आणि ईस्टरच्या सकाळी त्यात रंगवलेलं केशरी अंडं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. ते अजून कोमट होतं.

आमच्याकडे अंडं चालत नसे. आई कपडे वाळत घालायची थांबली.

"हे काहून वो बाई? तुमच्या देवानं सांगतलं का?"

"नाही वो ताई. पाद्रीसाहेब म्हणतात, हे येशूच्याही आधीचं, जुन्या लोकायचं. थंडी सरली का झाडापाखराले नवा जीव येते, त्याची खूण." बाई ओशाळल्या होत्या.

"मंग हे तं आमच्या होळीसारखंच झालं," आई म्हणाली. तिनं अंडं माझ्या हातातून घेतलं आणि तुळशीच्या बुंध्याशी ठेवलं.

मी खट्टू झाले. मला वाटलं, तिनं ते घराबाहेर काढलं. संध्याकाळी दिवा लावताना मात्र तिनं अंडं हलवलं नाही, दिवाच जरा बाजूला सरकवला. ते मी पाहिलं होतं, कळलं आत्ता.