‘अत्यंत कृश’ एवढंच मी लिहिलं

फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या घरी गच्चीवर मुगवड्या घालत होते. हात पिठाचे होते, तरी उचलला, कारण नंबर गफूरचाचांचा होता आणि आवाज जमीलाचाचींचा. त्या स्वतः कधी फोन लावत नसत. ‘बेटी, चाचा गेले,’ त्या म्हणाल्या. मग हळूहळू सांगितलं. सकाळी घोडीचं पहिलं खाणं देऊन आले, खाटेवर टेकले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत... पुढे त्या जे बोलल्या ते माझ्या कानातून अजून जात नाही. ‘दुपारचं खाणं भिजवा लागते ना तिचं? कोंडा किती घ्याचा, जवस किती, मले त्यायनं कधी सांगतलंच नाई.’ मी फोनवरच प्रमाण सांगितलं, त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि मूर्तिजापूरची गाडी पकडली.

चाचांना नेऊन लोक परतले, तोवर माझ्या मोबाइलवर एक चित्र येऊन पडलं होतं. चारी बाजूंनी फुलांची चौकट, मधे चाचा आणि त्यांची पांढरी घोडी चांदणी, भरल्या अंगाची, चकचकीत. खाली मजकूर : ‘मुक्या जिवांचे कैवारी, अश्वप्रेमी गफूरचाचा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ आणि त्याखाली पाठवणाऱ्याचा स्वतःचा हात जोडलेला फोटो, चाचांच्या फोटोहून किंचित मोठा. पाठवणारा कोण, हे या लेखात सांगणार नाही. एवढंच सांगते की दोन वर्षांपूर्वी याच माणसानं याच चाचांना सगळ्या तालुक्यात कसाई ठरवलं होतं. तेव्हाचा तो व्हिडिओ त्या दिवशीही त्याच्या चॅनलवर तसाच होता. आज हे लिहितानाही आहे. म्हणून हे लिहिते आहे. चाचांना श्रद्धांजलीची काही गरज नाही, पण जे झालं ते कुणीतरी नीट सांगायला हवं. आणि त्यात माझा हात होता, तेही.

मी मूर्तिजापूरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं. चाचांना मी त्याआधी ओळखत होते ते बैलांना नाल मारणारे म्हणून. तरुणपणी त्यांचा टांगा होता, स्टेशन ते बाजार. ऑटो आले, टांगा गेला, घोडाही म्हातारा होऊन त्यांच्याच अंगणात मेला. त्यानंतर त्यांनी घोडा ठेवला नव्हता. एका उन्हाळ्यात, लग्नसराई संपता संपता, त्यांनी एक घोडी दवाखान्याच्या फाटकातून आत आणली. आणली म्हणजे जवळजवळ रेटत आणली. वरातीची घोडी. कपाळावर आरसे लावलेली झालर अजून तशीच होती आणि खाली नुसता सांगाडा. पाठीचा कणा असा वर आलेला की त्यावर कपडे वाळत घालावेत. कुठल्या तरी बँडवाल्यानं तिला बाजार समितीच्या फाटकाबाहेर सोडून दिलं होतं. वीस-बावीस वर्षं नवरदेव वाहिले, आता चालताना अडखळते, फोटोत बरी दिसत नाही, म्हणून सोडली. सोडणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही, हे लक्षात ठेवा.

मी घोडीला लांबूनच पाहिलं. जंताचं औषध लिहिलं, ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, ‘चाचा, वय झालंय तिचं. आता काय अंगाला लागणार?’ त्यांनी चिठ्ठी घेतली नाही. ‘बाई, तिच्या तोंडात तर पाहा आधी,’ ते म्हणाले. ‘भूक हाय तिले. काल कडबा टाकला त चावून चावून थुकून देल्ला. ज्याले भूक नाई ते जनावर तोंड तरी कायले लावन?’ मग त्यांनीच तिची जीभ एका बाजूला धरली आणि मला हात आत घालायला लावला. दाढांच्या कडा वस्तऱ्यासारख्या झाल्या होत्या. गालाला आतून जखमा. गवताचा प्रत्येक घास तिला कापत होता. तीस वर्षं नोकरी केलेली मी, गाई-म्हशी-बकऱ्यांत आयुष्य गेलं, घोडा वर्षाकाठी एखादा... हे काही निमित्त नव्हे. तोंड उघडून पाहायला किती वेळ लागतो?

दवाखान्याच्या कपाटात दात घासायची लांब दांड्याची कानस होती, गंजलेली. चाचांनी ती घरी नेऊन साफ केली. दोन खेपांत, आठवड्याच्या अंतरानं, आम्ही तिच्या दाढा घासल्या. चाचा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिले आणि ती उभी राहिली. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तरी इतकं शिकले नसते. गव्हाचा कोंडा आणि जवाचा भरडा कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी. त्यात उकळलेला जवस मूठभर, चिमूट मीठ. लसूणघास बोटाच्या पेराएवढा बारीक कापून. दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. एकदम घमेलंभर ठेवलं तर पोट फुगून मरेल, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत, कारण येणारा-जाणारा प्रत्येकजण एकच सल्ला देत होता : सरकीची ढेप घाला, महिन्यात धष्टपुष्ट होईल. आपल्या वऱ्हाडात जनावराचं सगळं दुखणं सरकीनं बरं होतं. चाचा हसून म्हणत, ‘ते म्हशीले. हिले सरकी म्हणजे जहर. म्हातारं माणूस हाय हे, याले घाई नाई चालत.’ दर शुक्रवारी नमाजाहून आले की शिंप्याची टेप तिच्या छातीभोवती लावायची. पहिला महिना टेप हलली नाही. पाचव्या आठवड्यात बोटभर सरकली. त्या दिवशी त्यांनी दवाखान्यात येऊन मला ते बोट दाखवलं. नुसतं बोट दाखवलं आणि गेले.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात तो व्हिडिओ आला. कंपाउंडच्या भिंतीवरून मोबाइल उंच धरून काढलेला. चांदणीच्या बरगड्या, चांदणीची कंबर, आणि शेजारी बादली घेऊन उभे चाचा. बादलीत काय आहे हे काही दिसत नव्हतं. मागे रडवं संगीत आणि आवाज : ‘पाहा, या नराधमानं मुक्या जनावराचे काय हाल केलेत.’ दोन दिवसांत तो कुठे कुठे पोचला देव जाणे. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यांचा राग घोडीपेक्षा चाचांच्या नावावर जास्त होता, एवढं वाचता येणाऱ्या कुणालाही कळलं असतं. ज्या गावानं त्यांच्या टांग्यातून पोरं शाळेत पाठवली, त्याच गावातल्या माणसांनी हे लिहिलं. चाचा बैलांना नाल मारायला गेले तर एकानं बैल परत नेले.

आता माझं. व्हिडिओवरून तक्रार झाली आणि पोलीस ठाण्यातून एक शिपाई कागद घेऊन आला. जनावराची तपासणी करून प्रकृतीबद्दल शेरा द्या. त्या दिवशी लसीकरणाचं शिबिर होतं, बाहेर शेळ्यांची रांग. मी घोडीला चांगली ओळखत होते, तपासायची गरजही नव्हती. मी लिहिलं, ‘अत्यंत कृश’, आणि सही केली. खाली चांगली अर्धा पान जागा होती. घोडी टाकून दिलेली होती, ती या माणसानं उचलून आणली, तिच्यावर माझेच उपचार चालू आहेत, तिचं वजन वाढतं आहे... हे सगळं त्या अर्ध्या पानात मावलं असतं. मी लिहिलं नाही. मला वाटलं, सगळ्यांना माहीतच आहे. त्या दोन शब्दांवर घोडी जप्त झाली आणि अमरावतीजवळच्या एका निवाऱ्यात गेली. खोटं एक अक्षर मी लिहिलं नव्हतं. म्हणूनच त्याचा मला जास्त संताप येतो.

चाचा भांडायला आले नाहीत. कुणी दुसरा असता तर माझ्या टेबलावर कागद आपटला असता. ते दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या कॅनमध्ये लापशी भरून बडनेऱ्याच्या गाडीत बसले आणि तिथून निवाऱ्याच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. आत सोडलं नाही. आरोपीला आत सोडत नाहीत, असं सांगितलं. उन्हात लापशी आंबली, ती त्यांनी रस्त्यावरच्या गाईला घातली आणि परत आले. एक दिवस आड असं चार वेळा. हे मला जमीलाचाचींनी दवाखान्यात येऊन सांगितलं. तोवर त्या कधी माझ्याशी चार शब्द बोलल्या नव्हत्या. ‘तुमची सही हाय म्हणतात त्या कागदावर,’ त्या म्हणाल्या. ‘काहून केली बेटी तुमी?’

पाचव्या खेपेला मी रजा टाकून चाचांबरोबर गेले आणि ओळखपत्र दाखवून आत शिरले. चांदणीपुढे कडब्याच्या पेंढ्या होत्या आणि एका घमेल्यात सरकीची ढेप. तिच्या पायाशी चावून टाकलेल्या गवताचे ओले बोळे पडले होते, वीसेक तरी. तिथल्या व्यवस्थापकांना मी ते दाखवले. ते म्हणाले, ‘मॅडम, खायला भरपूर देतो, तीच नखरे करते.’ मी टेप लावली. जी बोटभर वाढ झाली होती ती गेली होती आणि आणखी दोन बोटं गेली होती. चाचा फाटकाबाहेर उभे होते. चांदणीनं त्यांचा खोकला ऐकला आणि मान त्या बाजूला वळवली... मला तिथे उभं राहवेना.

त्या रात्रीचा दिवस केला वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून मी सरळ चार पानांचा अहवाल लिहिला आणि त्यात पहिल्या कागदावर मी काय लिहायचं सोडलं होतं तेही लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता, निवृत्ती जवळ आली आहे. मी तो अहवाल घेऊन कोर्टात उभी राहिले. घोडीचा ताबा चाचांना परत मिळाला. त्या अहवालाचा व्हिडिओ कुणी काढला नाही. घोडी परत आली ही बातमी त्या चॅनलला बातमी वाटली नाही. तक्रार मागे घेतली गेली, पण ‘चुकलं’ हा एवढासा शब्द चाचांच्या वाट्याला कुणाकडूनच आला नाही. मी माफी मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, ‘बसा बाई, चहा घ्या. पयले हिचे दात पाहा, मंग बोलू.’ मग बोललोच नाही.

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. लापशी, जवस, पाच वेळा, शुक्रवारची टेप. पावसाळा गेला, हिवाळा गेला. बरगड्या एकेक करून मिटल्या, पुठ्ठे भरले, अंगावर नवी लव आली. निवृत्त होऊन मी अकोल्याला आले तरी महिन्याकाठी जात राहिले. फुलांच्या चौकटीतला तो फोटो त्या दुसऱ्या हिवाळ्यातला आहे. मीच काढलेला. कुणाच्या तरी मोबाइलवरून फिरत त्या गृहस्थाकडे पोचला असणार. मी त्याला फोन केला होता. म्हटलं, फोटो माझा आहे, तो राहू द्या, पण व्हिडिओ काढा. तो म्हणाला, ‘मॅडम, त्या टायमाला जे दिसलं ते टाकलं. अन् तेच त सगळ्यात जास्त चालते माझं.’ त्याला लाज वाटली नाही. फोन ठेवताना ‘जय हिंद’ म्हणाला.

गेल्या आठवड्यात मी मूर्तिजापूरला गेले. चांदणी पुन्हा घास टाकायला लागली आहे, असं चाचींनी कळवलं होतं. या बाई आयुष्यभर घोड्याला घाबरत आलेल्या. टांग्याच्या काळातही कधी जवळ गेल्या नव्हत्या. आता त्यांनी पदर खोचला, जीभ एका बाजूला धरली आणि चांदणीच्या कानाशी तेच पुटपुटल्या जे चाचा पुटपुटत. इतकी वर्षं मला ते काय आहे कळलं नव्हतं. जवळून ऐकलं तर नुसतं ‘हो गया, हो गया, बस हो गया’ एवढंच होतं. एक दाढ हलत होती, ती काढली. टेप लावली. एक बोट कमी. भरून येईल.

हात धुताना माझं लक्ष कंपाउंडकडे गेलं. घोडी परत आल्यावर चाचांनी भिंतीच्या वर बांबू रोवून गोणपाटं शिवून बांधली होती, पुरुषभर उंच, गल्लीच्या बाजूनं पूर्ण. बैलाला नाल मारताना पाय बांधतात तशी प्रत्येक गाठ. चोरी केल्यासारखा हा माणूस त्या आडोशामागे दोन वर्षं एका म्हातारीला जेवू घालत होता. मला एकदम इतकी चीड आली की मी जाऊन पहिली गाठ सोडायला लागले. म्हटलं, ‘चाची, काढून टाकू हे. आता पाहू द्या सगळ्यांना, कशी झाली आहे ती.’

चाचींनी येऊन माझ्या हातावर हात ठेवला. ओला, कोंड्याचा वास येणारा हात.

‘राहू द्या बेटी,’ त्या म्हणाल्या. ‘भिंतीवरून पायणारायले काय दिसते? ज्याले पाहाचं असन त्यानं दारातून यावं.’

मी गाठ पुन्हा आवळली. दार उघडंच होतं. त्या घराचं दार दिवसा कधी लागलेलं मी पाहिलेलं नाही.