कूलरसमोर ठेवलेली टेप

सिस्टीम बदलायला आमच्या सरांनी मे महिना निवडला आणि माझं त्यांच्याशी पहिलं भांडण तिथंच झालं. नागपूरचा मे! दारात उभं राहिलं तरी तोंड भाजतं, आणि आमच्या कॉम्प्युटर सेंटरचा एसी एप्रिलपासूनच रडत होता. पण कॉलेजला सुट्टी लागल्याशिवाय मशीन मोकळं मिळत नव्हतं, हेही खरं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. अख्ख्या कॉलेजात एकच मशीन, दोन लोखंडी कपाटांएवढं, आणि त्याच्यावर मी प्रोग्रामर. सर सेंटरचे प्रमुख. महाल भागातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे नागपूरकर, गोड बोलणारे. मी कळमेश्वरकडच्या शेतकऱ्याची पोरगी. माझा आवाज खोलीत मावायचा नाही.

घाई होती ती एका मुलीसाठी. ती उमरेडची, विणकराच्या घरची. रोज एसटीनं यायची. खाणींच्या आसपासच्या विहिरींचं पाणी कसं खाली जातंय, यावर तिची पीएचडी चालली होती. गावोगाव फिरून, विहिरीत दोरी सोडून तिनं पाणी मोजलं होतं. ते सगळे आकडे तिनं स्वतः टाइप करून, तपासून, दुरुस्त करून आमच्या मशीनच्या दोन डिस्कांपैकी दुसरीवर ठेवले होते. आता शेवटचं मोठं गणित तेवढं राहिलं होतं आणि तो प्रोग्राम जुन्या सिस्टीमवर चालतच नव्हता. मेमरीत मावायचाच नाही. नव्या सिस्टीमवर मावणार होता.

तिच्या बापानं साफ सांगून टाकलं होतं, हा उन्हाळा शेवटचा. पावसाळ्याआधी थिसिस दिला तर ठीक, नाही तर घरी बसायचं आणि पाहुणे बघायला येतील त्यांच्यासमोर चहाचा ट्रे न्यायचा. "ताई, बाबा बोलले म्हणजे बोलले," ती म्हणायची. मला त्या बापाचा असा राग यायचा की काय सांगू! पाहिलेलाही नव्हता मी त्याला, पण मनातल्या मनात रोज भांडत होते.

नवी सिस्टीम, म्हणजे मशीन चालवणारा मुख्य प्रोग्राम, आमच्याकडे आली ती टेपवर, मूळ कोडच्या रूपात. म्हणजे तयार, चालणारी वस्तू नाही. माणसानं लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा कोड. तो आपल्याच मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला कळेल अशा रूपात आणायचा, तुकड्यातुकड्यानं, तेव्हा कुठं सिस्टीम उभी राहते.

मला हेच करायचं होतं. पहिली डिस्क पुसायची, टेपवरचा लहानसा गाभा तिच्यावर चढवायचा आणि त्याच्यावर बाकीचं सगळं एकेक करून रचत न्यायचं. दिवस लागणार होते. मध्येच लाइन गेली की अर्धं काम पुन्हा. पण आपण काय बसवतोय ते आपल्याला कळणार होतं. दुसरी एक वाट अशी होती की जुनी सिस्टीम चालू ठेवायची आणि तिच्यातूनच नवी दुसऱ्या डिस्कवर उभारायची. बिघडलंच तर जुनी हाताशी. सोबत आलेल्या पुस्तकात हीच सर्वांत सुरक्षित म्हणून सांगितली होती. पण दुसऱ्या डिस्कवर त्या पोरीचं सगळं होतं, म्हणून ती वाट आम्ही पहिल्याच दिवशी सोडली. आणि तिसरी होती सरांची. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत असंच मशीन होतं. त्यांनी हाच कोड कंपाइल करून सिस्टीम चालवली होती. त्यांची तयार सिस्टीम टेपवर मागवायची, आपल्या पहिल्या डिस्कवर उतरवायची, झालं. एका दुपारचं काम.

"सर, शेजारणीच्या मापाचं पोलकं आपल्याला बसतं का?" मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही काहून चिडून राहिल्या? मशीन तेच, डिस्क त्याच. मग माप निराळं कसं होईल?"

"त्यांनी कुठं काय फिरवलं असेल, तुम्हाला ठाऊक आहे?"

"अन् तुमचं कंपाइल करणं पुरं होईस्तोवर पाऊस येईल, ते? त्या पोरीचा विचार करा ना जरा."

शेवटी आम्ही तिलाच विचारलं. ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा सरांकडे. "ताई, जे लवकर होईल ते करा," ती म्हणाली. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. तरी संध्याकाळपर्यंत मी कपाटाची दारं आपटत होते.

तयार सिस्टीमची टेप आली त्याच आठवड्यात एसीनं कायमचे डोळे मिटले. सरांनी स्वतःच्या घरचा कूलर रिक्षात घालून आणला. नवा वाळा लावलेला, हा भला मोठा पत्र्याचा कूलर. खिडकीत बसवला, पाणी सोडलं आणि खोलीभर वाळ्याचा वास सुटला. अहाहा! आम्ही सगळे खूश. मशीनही गपगुमान चालायला लागलं.

सिस्टीम चढवायच्या आधी त्या पोरीच्या डिस्कची नक्कल एका टेपवर काढून ठेवली. हा मात्र माझा हट्ट होता. ती टेप तिनं हातात घेतली, डब्याचं झाकण काढून एकदा डोळे भरून बघितली आणि कूलरच्या अगदी समोरच्या फळीवर उघडीच ठेवली. झाकण लावलं तर आत गरम होईल म्हणून. यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. उन्हाळ्यात जीव लावलेली वस्तू आपण कूलरसमोरच ठेवतो. तान्हं लेकरू ठेवतो, आंब्याची टोपली ठेवतो. सरांनी तर कौतुकानं मान डोलावली. टेप तशीच आठवडाभर ओला वारा खात पडून राहिली.

तयार सिस्टीम खरंच एका दुपारी चढली. टर्मिनलवर अक्षरं उमटली, तिचा मोठा प्रोग्राम पहिल्याच फटक्यात मेमरीत मावला आणि चालू झाला. सरांनी लस्सी मागवली. "पाहा मॅडम, बसलं की नाही पोलकं?" ते म्हणाले. मीही हसले. हरले तर हरले, पोरीचं काम झालं ना! ती तर खुर्चीत बसायलाच तयार नव्हती, टर्मिनलसमोर उभीच होती.

प्रोग्राम मध्येच थांबला. आकडे वाचता येत नाहीत, असा संदेश आला. तिनं आपली एक फाइल उघडली. त्यात विहिरी नव्हत्या. कसलासा कचरा होता, अर्धवट चिन्हं, कोणत्याच भाषेची नाहीत अशी. दुसरी फाइल उघडली, तिच्यातही तेच. तिसरी तर उघडेचना. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी मूळ कोडची टेप लावून ती बारीक फाइल छापून काढली, ज्यात कोणती डिस्क कशासाठी वापरायची ते लिहिलेलं असतं. त्या संस्थेकडून तयार टेपसोबत एक छापील कागद आला होता, तो पाकिटातून काढून शेजारी ठेवला. त्यांच्याकडे दुसरी डिस्क रिकामी असायची. म्हणून मेमरी कमी पडली की पसारा मांडायची जागा त्यांनी दुसऱ्या डिस्कवर दिली होती. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्याकडे त्या जागेवर तिच्या विहिरी होत्या. तिचा प्रोग्राम मावला होता तो या जागेच्याच जोरावर, आणि जितका वेळ तो छान चालला, तितका वेळ तिचेच आकडे पुसत होता.

माझं डोकंच फिरलं. सरांना मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "ताई, टेप हाय ना," आणि फळीवरून टेप उचलून आणली.

टेप फिरली, किंचाळली आणि अडकली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. दमट होऊन पट्टी टेप वाचणाऱ्या हेडला चिकटत होती. अजून दोनदा लावली असती तर वरचा थर सोलूनच निघाला असता. मूळ आकडे कागदावर होते, नाही असं नाही. पण ते सगळे परत टाइप करून तपासायला वर्ष गेलं असतं आणि तिच्यापाशी महिनाही नव्हता. ती तिथंच फरशीवर बसली.

कुरड्या सादळल्या तर माझी आई त्यांना पुन्हा ऊन दाखवायची. मला तेवढंच सुचलं. आमच्या गच्चीवर पत्र्याच्या छपराची एक अडगळीची खोली होती, दुपारी आत पाऊल ठेवलं की श्वास कोंडायचा. "टेप तिथं ठेवू," मी म्हटलं. "सुकेल."

"अन् वितळली तर?" सर म्हणाले.

"ठाऊक नाही मला! तुम्हाला ठाऊक आहे का?"

कोणालाच ठाऊक नव्हतं. निर्णय तिनंच केला. "वाळवा," ती म्हणाली, आणि टेप स्वतः वर घेऊन गेली.

टेप वर सुकत होती तेवढ्यात मी आणि सरांनी सिस्टीमचा गाभा मूळ कोडमधून पुन्हा कंपाइल केला. पसाऱ्याची जागा दुसऱ्या डिस्कवरून काढून पहिलीवर आणली. बदल दोन ओळींचा होता. कंपाइल होताना सर माझ्या शेजारी बसून ओळीमागून ओळ वाचत होते. "मॅडम, हे आधी वाचायले पाहिजे होतं," ते एवढंच म्हणाले. मला त्यांची दया आली आणि स्वतःचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, टेप खाली आणायच्या वेळेला, तिचा बाप दारात उभा राहिला. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. रात्री पोरगी घरी काहीतरी बोलली असावी. "हिले न्याले आलो," तो म्हणाला.

माझी जीभ वळवळत होती. पण सर पुढे झाले. "काका, बसा. थोडं थांबा. तिचं सगळं काम या टेपवर हाय. आता वाचून पाहतो. निघालं तर निघालं, नाही तर तुम्ही म्हणाल तसं."

तो बसला. पाणी प्यायला. मग मला म्हणाला, "मॅडम, तुमाले वाटत असन, हा बाप कसाई हाय. पण गावात काय बोलून राहिले, ठाऊक हाय का? म्हणतात, बिनलग्नाच्या पोरीनं विहिरीत दोरी सोडली, म्हणून पाणी आटलं. ज्या विहिरीत हिनं दोरी सोडली ते विहीर गेली. लोक आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवतात." पोरगी खाली मान घालून उभी होती. मी ज्याच्याशी रोज भांडत होते तो हा माणूस नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

कूलर चालू ठेवला तर टेप पुन्हा दमट होणार. बंद केला तर मशीन तापणार, आणि एका मर्यादेपलीकडे ते आपोआप बंद पडायचं. आम्ही कूलर बंद केला आणि खिडक्या सताड उघडल्या. बाहेरची गरम लू आत आली, कागद उडाले. टेप गरम लागत होती, पण चिकट नव्हती. सरांनी ती चढवली.

टेप फिरली. थांबली. जरा मागे गेली, पुन्हा पुढे आली. प्रत्येक थांब्याला माझा जीव टांगणीला लागत होता. खोली तापत चालली होती, सरांचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि ती आपल्या फाइलींची नावं एकेक करून पडद्यावर येताना ओठ हलवत वाचत होती. मशीन तापल्याचा इशारा देणारा दारावरचा लाल दिवा एकदा लुकलुकला. "थांबवू का?" सरांनी विचारलं. "नाही!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. शेवटची फाइल आली, टेप सुटी होऊन गरगरत राहिली, आणि सरांनी धावत जाऊन कूलर चालू केला.

ती एकेक फाइल उघडून बघायला लागली. विहिरी होत्या. सगळ्या होत्या. बाप उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"यात आपली हाय का वं?"

तिनं बोट ठेवलं. "हे बाबा. हे पाणी किती खोल गेलं त्याचे आकडे. इथून इथपर्यंत."

"अन् हे वरचे?"

"जुने. सरकारी मोजणीतले. मी मोजाले सुरू केलं त्याच्या आधीचे."

तो वाकला. त्याला इंग्रजी आकडे वाचता येत होते. बोट पडद्याला न लावता, एकेका आकड्यावरून हळूहळू खाली आणत तो तिच्या पहिल्या मोजणीपाशी थांबला, आणि पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला. "तू याच्या आधी दोरी नव्हती सोडली?"

"नाही बाबा. तेव्हा मी शाळेत होती."

"अन् तरी खाली जाऊनच राहिलं होतं."

"हो."

त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं, पुन्हा गुंडाळला. "तू थांब," तो पोरीला म्हणाला. "तुयं काम पुरं कर. लागला पावसाळा तर लागू दे. घरी मी पाहतो." मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो थांबला. त्याचे डोळे भरलेले होते आणि ते लपवायचा त्यानं काहीच प्रयत्न केला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "मलेही तसंच वाटत होतं. लोकांचं तर सोडा. मले, तिच्या बापाले वाटत होतं."