चिंचेच्या पाण्यातला शिंपला

ऑक्टोबरमधला रविवार, सकाळ. नालवाडीचं आमचं घर. हजर: आई, बाबा, मी. काम: दिवाळीची साफसफाई. पितळ आईकडे, पुस्तकं बाबांकडे, पंखे माझ्याकडे.

पहिला पंखा पुसत होते तोच बाबा ओरडले, "फळीवरचा शिंपला कुठं गेला?"

"भिजवून राह्यली न मी, समयांसंगं," आई म्हणाली. "किती डाग होते त्याच्यावर!"

ते डाग नव्हते. कॉलेजच्या सहलीत बाबांनी कच्छमधून आणलेला तो दगड झालेला शिंपला. त्यावर सुईनं टोचल्यासारख्या बारीक खळग्यांच्या ओळी होत्या. ब्रायोझोआ नावाचे इवलेसे समुद्री जीव चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे एकमेकांना लागून शिंपल्यावर चिकटतात आणि प्रत्येक जण आपल्याखाली एक उथळ खळगा करतो. जीव गेले, त्यांची घरंही गेली, खळगे राहिले. लहानपणी बाबा मला ते भिंगातून दाखवायचे.

समया चिंचेच्या पाण्यात होत्या, आणि चिंच शिंपल्यातल्या चुन्याला खाते. मी धावत जाऊन शिंपला घमेल्यातून काढला, स्वच्छ पाण्यानं धुतला. एक बाजू गुळगुळीत झाली होती.

आईचा चेहरा उतरला. "मले वाटलं, चमकून निघन."

"चमकला न. समईपेक्षा जास्त," बाबा म्हणाले.

"टोमणे नका मारू हो," म्हणत तिनं पदर डोळ्यांना लावला.

बाबा भिंग घेऊन शिंपला उजेडात फिरवू लागले. एक कड पाण्याबाहेर राहिली असावी. तिथल्या खोलगटात त्यांना एक ओळ सापडली.

"हाये! वाचली! ये, पाय इकडं."

आईनं भिंग धरलं, बराच वेळ पाहिलं. "हो, दिसते."

भिंग गुळगुळीत बाजूवर होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिचं बोट धरून अलगद त्या खोलगटात टेकवलं.

"इथं. हळू."

"खरखरीत लागते."

"तेच ते." तिचं बोट न सोडता ते म्हणाले, "दिसत नाई, त काऊन सांगितलं नाई?"

"तुमच्याच डोळ्याचं आपरेशन झालं आत्ता. घरात एका वेळी एकच बिमार पुरे."

"उद्या जाऊ दवाखान्यात."

"दिवाळी होऊ द्या, मंग."

पितळ झालं, पंखे झाले. शिंपला कापसात गुंडाळून बाबांनी आपल्या उशाशी ठेवला. दिवाळीही झाली. आता तिचं म्हणणं, तुळशीचं लग्न होऊ द्या. आईचे डोळे दाखवायचे अजून राहिलेच आहेत.