पदरातली भाकर

वडील सहकारी साखर कारखान्यात बॉयलरवर होते. आमचं जुनं मिशनचं देऊळ, म्हणजे चर्च, तालुक्याच्या गावी. दर रविवारी एसटीची वाट बघून सगळेच वैतागलो आणि कारखान्याच्या कॉलनीत भरणाऱ्या नव्या ख्रिस्ती मंडळीत जायला लागलो. तिथले पाळक म्हणाले, लहानपणी डोक्यावर शिंपडलेलं पाणी आम्ही धरत नाही. सगळं अंग पाण्याखाली गेलं पाहिजे, मगच प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. वडील त्याच पावसाळ्यात नदीत बाप्तिस्मा घेऊन आले. आई म्हणाली, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी नदीच आटली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. भाकर आणि प्याला आईच्या पुढून शेजारच्या बाईकडे जाई आणि आई मांडीवरचं गीतांचं पुस्तक उगाच चाळत बसे. मला त्या भाकरीचा राग यायचा. शेवटी पाळकांनी एक मोठी टाकी धुऊन घेतली, टँकर बोलावला. आई टाकीपर्यंत गेली आणि तशीच माघारी फिरली.

"का गं परतलीस?" वडिलांनी विचारलं.

"लोकं घागरी घिऊन हुबे हाईत, आन् मी त्या पाण्यात बसू? माज्या डोक्यावर एकदा पाणी पडलंय. तेवढं लई झालं."

पुढं ऊसच नाही म्हणून कारखाना बंद पडला, कॉलनी रिकामी झाली, नवे पाळक शहरात निघून गेले. आम्ही निमूट जुन्या देवळात परतलो. आईला तिथं कुणी अडवलं नाही. वडिलांना मात्र सांगण्यात आलं, दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला ही चूक झाली असं मंडळीपुढं कबूल करा, मग भोजनाला या.

"चूक झाली असं वाटतच न्हाई, तर कसं म्हणू?" एवढं बोलून वडील मागच्या बाकावर जाऊन बसले ते कायमचेच. आता भाकर त्यांना वगळून जाऊ लागली. दोघंही हट्टी. त्या दोघांच्या विश्वासापायी मी मात्र देवालाच कंटाळले होते. आज मी तिसऱ्याच मंडळीत जाते आणि तिथले नियम काय आहेत ते कुणाला विचारत नाही.

जुन्या देवळात परतल्यावर काही वर्षांनी वडील अंथरुणाला खिळले. एका रविवारी देवळातून आल्यावर आईनं पदराची गाठ सोडली. आत प्रभुभोजनातल्या भाकरीचा अर्धा तुकडा होता. अर्धा तिनं तिथं खाल्ला होता.

"पाळकसायबानं दिला का?" वडिलांनी विचारलं.

"न्हाई. मी आणला तुमच्यासाटी."

तुकडा त्यांनी बराच वेळ तळहातावर धरला. मग डोळे मिटून प्रार्थना केली आणि खाल्ला. आई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसून राहिली. इतक्या वर्षांत दोघांनी एका भाकरीतलं खाल्लं ते तेवढंच. प्रभुभोजनाचा पुढचा रविवार आला तेव्हा वडील नव्हते.