लुगड्याआडचं ऊन

काल नवे जाड पडदे लावले, माझी खोली भरदुपारी काळोखी झाली आणि देवासची आमची क्वार्टर आठवली.

बाबा रातपाळीहून येऊन झोपले की आई खिडकीवर तिचं हिरवं लुगडं दुहेरी टांगायची. कडेच्या फटीतून उन्हाचा एकच पट्टा आत यायचा. तो बाबांच्या डोळ्यांवर पोचेपर्यंत त्यांना उठवायचं नाही, हा आईचा कायदा.

त्या दिवशी आम्हा सगळ्यांना बाबांबरोबर टेकडीवर जायचं होतं आणि पट्टा उशीपाशीच रेंगाळलेला. मी हळूच लुगडं सरकवलं.

बाबा डोळे न उघडताच, देवासकर मित्राला 'भैया' म्हणतात त्या ढंगात म्हणाले, "काय भिया, आज सूरज बड़ी जल्दी में है!"

आम्ही हसून लोळलो. त्यांना कसं कळलं, ते मात्र काल त्या काळोखात जागं पडल्यावर उमगलं. बाबा केव्हाचे जागे होते. आईचा कायदा त्यांनाही लागू होता.