पाच किलो गहू घेऊन मुलुंड ते बोरिवली

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर स्पितीला आलात, मेघालयात भिजलात. या वेळी मुलुंडहून बोरिवलीला चला. परमिट लागत नाही, फक्त सहनशक्ती लागते.

निमित्त माझा धाकटा भाऊ सचिन. मुलुंडला आमची पिठाची गिरणी आहे, बाबांनी टाकलेली. बाबा गेल्यावर सचिनने तिची कंपनी केली. आधी घाटकोपरला शाखा काढली, मग अंधेरीला, आता बोरिवलीला काढतोय. त्याला एक सल्लागार भेटलाय, जो जन्मात कधी दळण घेऊन उभा राहिला नसावा. त्याच्या मते लोकांनी आपापले डबे आणून दळून नेणं 'स्केल' होत नाही, तेव्हा मुलुंडची गिरणी बंद करून तिथे पिठाच्या पाकिटांचं गोदाम करायचं. गिरणीत आम्ही तिघं भागीदार. आईने सांगून टाकलं, "तुम्हा दोघांचं ठरेल ते." ठरवायचं होतं रविवारी संध्याकाळी. म्हणून रविवारी सकाळी डब्यात पाच किलो गहू भरले आणि आमचं साम्राज्य बघायला निघाले.

मुलुंडहून घाटकोपरला रिक्षाने जाऊ नका. एलबीएस रोडवर कुठे ना कुठे खोदकाम असतंच, आणि मीटर मात्र उभ्या उभ्या पळतो. बसही तितकीच रखडते, पण स्वस्तात रखडते.

घाटकोपरची शाखा म्हणजे काचेचं दार, गार एसी आणि भिंतीवर भला मोठा टीव्ही. टीव्हीवर गव्हाचं शेत डुलत होतं. मी डबा काउंटरवर ठेवला.

"मॅम, बाहेरचं धान्य अलाउड नाही," तिथली मुलगी म्हणाली.

"अगं, गिरणी आहे ना ही?"

"एक्स्पीरियन्स सेंटर आहे, मॅम."

कोपऱ्यातल्या सोफ्यावर एक गुजराती काकी निवांत बसल्या होत्या. चला, एक तरी गिऱ्हाईक आहे, असं वाटलं. त्या म्हणाल्या, "बैठो ना, बहुत ठंडा है इधर." त्यांचं दळण मागच्या गल्लीतल्या गिरणीत लागलं होतं. ते होईपर्यंत त्या रोज इथेच टेकतात. एक्स्पीरियन्स छान आहे म्हणाल्या.

खाऊगल्लीत डोसा खाऊन घ्या. बटर कमी घालायला सांगितलं तरी तो ऐकत नाही, बरंच करतो. मग मेट्रो. सिक्युरिटीवाल्याने डबा उघडायला लावला, गव्हात बोट घालून बघितलं आणि संशयाने विचारलं, "इतना गेहूँ लेके किधर?" मी म्हटलं, "पिसवाने." त्याने मला वेड्यात काढलं. त्याचं काही चुकलं नाही.

अंधेरीची शाखा ऑफिसांच्या गर्दीत आहे, चकाल्याजवळ. 'फुटफॉल' दांडगा आहे म्हणे. आहेच, पण ती सगळी पावलं कॉफीकडे वळतात. ऑफिसला येताना लॅपटॉपबरोबर ज्वारी कोण आणतं? तरी इथे अजून डबे घेतात. दारात एक स्क्रीन आहे. त्याला नाव, नंबर, जाड की बारीक, घरपोच की स्वतः नेणार, सगळं सांगावं लागतं. मग सॉफ्टवेअर दळणांचा क्रम लावतं, आणि तो लागतो डिलिव्हरीच्या रस्त्याप्रमाणे. कशावर काय दळलं जाणार, याची त्याला फिकीर नाही. मी स्वतः नेणार म्हटल्यावर त्याने मला मधल्या मोकळ्या जागेत घुसवलं. माझ्या आधी कुणाची तरी थालीपिठाची भाजणी होती.

मुलुंडला आई भाजणी सगळ्यात शेवटी घेते. धण्या-जिऱ्याचा वास गिरणीत राहतो, आणि त्यावर गहू टाकला की तो थेट चपातीत उतरतो. म्हणून तर प्रत्येक बाई डबा ठेवताना विचारते, "आधी काय दळलंत?" मीही विचारलं.

टॅब्लेट घेतलेला मॅनेजर म्हणाला, "मॅडम, क्रम सिस्टीम ठरवते. आपण हात नाही लावायचा."

"आणि वास आला तर?"

"फीडबॅक द्या ना. पाच स्टारपर्यंत देता येतो."

मी पीठ घेतलं आणि गुंदवलीहून दुसरी मेट्रो धरली. ही मात्र झकास आहे, बसायला जागा मिळते. राष्ट्रीय उद्यानाला उतरलात तर आत जाऊन झाडं बघा. मी सचिनचा गाळा बघायला गेले. आत रंगाचे डबे, बाहेर 'लवकरच' असा बोर्ड. घाटकोपर रिकामं, अंधेरीला धण्याचा वास, आणि हा तिसरीकडे तोच टीव्ही लावतोय.

सचिन तिथेच होता, म्हणून परतीला त्याची गाडी होती. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला अडकल्यावर मी तोंड सोडलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तू डोंगर चढतेस आणि फोटो टाकतेस. गिरणीचा पट्टा तुटला की फोन मला येतो. आईचा खोकला ऐकलायस ना? अजून किती वर्षं तिने पिठात बसायचं?"

हे मला लागलं, कारण ते खरं होतं.

घरी आल्यावर पीठ आईच्या हातात दिलं, अंधेरीचं आहे एवढंच सांगितलं. जेवताना सचिनने दोन घास खाल्ले आणि चपाती नाकाशी नेली.

"आई, हे कसलं पीठ? घरात आपलं पीठ नाही का?"

"आपलंच आहे रे," आई म्हणाली. "तुझ्या अंधेरीचं."

तो खाली मान घालून जेवला. पण दुसरी चपाती त्याने घेतली नाही, भातावर गेला.

मग ठरलं. आईने घरी बसायचं आणि गिरणीवर माणूस ठेवायचा, हे मी लगेच मान्य केलं. बोरिवलीलाही हो म्हटलं, आईही हो म्हणाली. मुलुंडची गिरणी आणि डबे मात्र राहणार. शिवाय माझी एक अट होती: उरलेलं पीठ कंपनीच्या मालकाने घरी न्यायचं आणि संपेपर्यंत त्याच्याच चपात्या खायच्या.

या प्रवासातून माझ्याकडे काय उरलं? रिकामा डबा, आणि आठवडाभराने आलेला सचिनचा फोन.

"ताई, अंधेरीला भाजणीसाठी वेगळी गिरणी टाकतोय."

"अरे वा! पटलं म्हणजे तुला."

"हो ना," तो म्हणाला. "सल्लागाराने सुचवलं."