पहिली ओळ गिटारची

मूल तालुक्यात प्रफुल रामटेकेला गिटारवाला म्हणून ओळखणाऱ्यांना, तो राईस मिलमध्ये मशीन दुरुस्त करतो हे मुद्दाम सांगावं लागतं. मिलमधल्यांना मात्र गिटारचं सांगावं लागत नाही, कारण जेवणाच्या सुट्टीत हा गडी आधी गिटारची पिशवी उघडतो आणि मग डबा. लग्न असो, जयंती असो, त्याला बोलावणं ठरलेलं. नुसती लाकडी गिटार, बाकी तामझाम काही नाही. तरी त्याचा सोलो सुरू झाला की मंडपात खुर्च्या ओढणारी माणसंही थांबतात. असं वाजवणं मोबाईलवरचे व्हिडिओ बघून येत नाही. व्हिडिओ त्यानं ढिगानं पाहिले होते, आणि घोटाळाही तिथूनच झाला होता.

बायनाबाई ही त्याची मोठी माय, म्हणजे थोरल्या काकांची बायको. धानाच्या रोवणीत गावच्या बायांची रांग तिच्या गळ्यावर चालायची. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात बाया वाकून उभ्या राहतात, एका टोकाकडून गाण्याची ओळ येते, बाकीच्या तिला उत्तर देतात. उत्तर देता देता हातातले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, खोचायचे आणि एक पाऊल मागे सरकायचं. ओळ घालायची ती बायनाबाईनंच. “नदीपल्याड माहेर माह्यं वो बाई,” असं तिनं म्हटलं की साऱ्या बांधीतून उत्तर यायचं, “नाव लागू दे काठाले.” हे गाणं तिनं स्वतः जुळवलं होतं आणि शिवारभर तिच्याच नावानं चालायचं.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. नागपुरात ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण तिच्यासोबत आवाजही गेला; उरली नुसती कुजबुज. त्या वर्षीची रोवणी मुकी झाली. रांगेतल्या बुधरीनं कमरेला मोबाईल खोचून गाणी लावून पाहिली, तर मोबाईलच चिखलात पडला आणि त्यावरून भांडण जुंपलं. बायनाबाईनं तर बांधीकडे जाणंच सोडलं. “आता मी कोनाच्या कामाची,” एवढंच ती म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

प्रफुलला ते बघवेना. त्यानं गिटार आणली तेव्हा घरादारानं त्याची टिंगल केली होती; समोर बसून ऐकणारी ही एकटीच होती. त्यानं मनाशी ठरवलं, हिचं गाणं मरू द्यायचं नाही. पहिली ओळ गिटारनं घातली तर बाया पुन्हा गातील, आणि त्या गायल्या तर मोठी मायही घराबाहेर पडेल.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी विहाराच्या पटांगणात त्यानं ते गाणं वाजवलं. वाजवलं कसलं, धुमाकूळ घातला. चाल एका बोटावर मावणारी, पण ह्यानं तिला एवढे दागिने चढवले की ओळखू येईना. सूर वर गेले, खाली आले, गरागरा फिरले, आणि कुठे जरा मोकळी जागा दिसली की तिथंही ह्यानं स्वरांची खोगीरभरती केली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्याही दणदणीत पडल्या. पण पुढे बसलेल्या रोवणीच्या बायांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बायनाबाई तर खिरीची वाटी तशीच खाली ठेवून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो तणतणतच तिच्याकडे गेला.

“काऊन उठून गेली, मोठी माय? लोकाइनं टाळ्या का फुकट वाजवल्या?”

तिला बोलायचे कष्ट होत होते. तिनं त्याला जवळ बसवलं.

“गानं माह्यंच होतं,” ती कुजबुजली. “पन आमाले बोलू कुठी देल्लं तू? उत्तर बी तूच देऊन राह्यला.”

मग तिनं खुणेनं वाजवायला सांगितलं. त्यानं पहिली ओळ वाजवली आणि पुढची सुरू करणार, तोच तिनं आपला तळवा सरळ तारांवर ठेवला. गिटार गप्प झाली. बायनाबाईचे ओठ मात्र हलत होते. ती बसल्या जागी मागे सरकली, मग तळवा उचलला. पुन्हा ओळ, पुन्हा तळवा. बायांना उत्तर द्यायला आणि पाऊल मागे घ्यायला लागते तेवढी ती जागा होती. प्रफुलला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घ्यावा, तसं आपण केलं हे त्याला कळलं.

त्यानंतरचे दिवस त्यानं गप्प बसायचा रियाज केला. जोरात वाजवणं सोपं, हात आवरणं महाकठीण. ओळ संपली की बोटं शिवशिवायची. सुरुवातीला बायको नंदिनी स्वयंपाकघरातून विचारायची, “तार तुटली का वो?” एकाच तारेवर चाल धरायची, शेवटचा सूर दाबून जरासा हलवायचा आणि सोडून द्यायचा. उघड्यावर ऐकू जावं म्हणून तारा टेकतात त्या घोडीजवळ नखानं छेडायचं. अंगठ्यानं जाड तारेचा एकच ठोका, तोही पाऊल मागे पडेल तेव्हाच. बाकी जागा मोकळी ठेवायची.

रोवणी लागली तेव्हा सुट्टी काढून तो बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, जाऊन बसला. बायांनी त्याला सोडलं नाही.

“प्रफुलभाऊ, थे लाकूड ठेवा न् पऱ्हे आना,” बुधरी म्हणाली आणि साऱ्या हसल्या.

त्यानं पहिली ओळ वाजवली आणि हात थांबवला. कोणी गायलं नाही. चिखलात पाय रुतल्याचा तेवढा आवाज आला. तो जुना प्रफुल असता तर त्यानं लगेच ती जागा सुरांनी बुजवली असती. ह्यानं दम धरला आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. पुन्हा तीच शांतता. तिसऱ्यांदा ओळ संपली तेव्हा टोकाकडून बुधरी पुटपुटली, “नाव लागू दे काठाले.” पुढच्या ओळीला शेजारच्या दोघी मिळाल्या. मग अख्खी बांधी गाऊ लागली आणि रांग एका पावलानं मागे सरकली. प्रफुलचे डोळे भरले, पण हात जागच्या जागी राहिला.

बायनाबाई चहाची किटली घेऊन नुकतीच धुऱ्यावर आली होती. नंदिनीनं किटली हातात दिली तेव्हा, चहा देते आणि लगेच परतते, असं तिनं बजावलं होतं. ती किटली हातात धरून बराच वेळ ऐकत राहिली. मग तिनं किटली खाली ठेवली, लुगड्याचा काचा मारला, पऱ्ह्यांची पेंढी उचलली आणि चिखलात उतरली. टोकाची तिची जागा बुधरीनं मुकाट्यानं मोकळी केली. बायनाबाई तिकडे गेली नाही. ती रांगेच्या मधोमध, बाकीच्या बायांत जाऊन वाकली. धुऱ्यावरून गिटारची ओळ आली. जन्मभर पहिली ओळ घालणाऱ्या त्या बाईनं चारचौघींसारखं, आवाज नसलेल्या ओठांनी उत्तर दिलं आणि साऱ्यांबरोबर एक पाऊल मागे टाकलं.